दादांचे 186, भाऊंचे दोनहून कमी

फाइल उघडायच्या आधीच दादांनी मोबाइल पुढे केला. रिपोर्टमधल्या एका ओळीचा फोटो, भोवती कुणीतरी बोटानं ओढलेलं लाल वर्तुळ. सीए 19-9: 186. शेजारी मर्यादा लिहिलेली, 37 पर्यंत. "एवढंच सांगा," ते म्हणाले, "किती दिवस?"

दादा 64 वर्षांचे. वीज मंडळाच्या लेखा विभागातून निवृत्त, राहायला इंदूरच्या लोकमान्य नगरात. सोबत वहिनी, धाकटे बंधू भाऊ, आणि पुण्याहून रात्रीच्या बसनं धावत आलेली मुलगी. (घरात ज्या नावांनी हाका मारतात तीच इथं ठेवली आहेत. ओळख पटेल असे बाकीचे तपशील दोघा भावांच्या संमतीनं बदलले आहेत.) दिवाळीच्या आधी एका लॅबनं 'फुल बॉडी' तपासणीवर सवलत काढली होती, दोघांनी मिळून केली तर आणखी स्वस्त. हिशेबी माणूस सवलत सोडत नाही. दोघा भावांनी एकाच सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं आणि तिथूनच पोहे-जिलबी खायला गेले. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. दादांचा आकडा लाल अक्षरात, भाऊंचा हिरव्या: 2 पेक्षा कमी.

मुलीनं रात्रभर वाचलं होतं. सीए 19-9 हा स्वादुपिंडाच्या म्हणजे पॅन्क्रियाजच्या कॅन्सरचा मार्कर, म्हणजे रक्तातली खूण, हे पहिल्याच ओळीत सापडतं. दुसरी ओळ वाचायचा धीर राहत नाही.

त्यात घराण्याचा एक जुना सल. या दोघांचे वडील 1987 साली ग्वाल्हेरला काविळीनं गेले. कागद एकही उरलेला नाही, आठवणी आहेत. डोळे पिवळे, अंगाला खाज, ताप नाही, दोन महिन्यांत हाडं दिसायला लागली. पोट दुखत नव्हतं असं दादा ठामपणे सांगतात. भाऊ म्हणतात, "रात्री उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायचे, तू तेव्हा नोकरीवर होतास." पुढे वाकल्यावर बरं वाटणं ही स्वादुपिंडाच्या दुखण्याची जुनी खूण आहे, ते ऐकून मी जरा सावध झालो. पण इतक्या वर्षांपूर्वीच्या उशीवरून निदान होत नाही, आणि उत्तर भारतात पित्ताशयाचा कॅन्सर जगाच्या मानानं बराच जास्त दिसतो, तोही असाच पिवळा करून नेतो. म्हणून फाइलमध्ये मी 'वडील: काविळीनं मृत्यू, कारण अज्ञात' एवढंच लिहिलं. घराण्यातून धोका धरायचा तर साधारणपणे जवळच्या नात्यातले किमान दोन पक्के रुग्ण लागतात, किंवा बीआरसीए-2, सीडीकेएन-2-ए यांसारख्या जनुकांतला दोष. अशा घरांतल्या लोकांची दरवर्षी तपासणी करावी असं तज्ज्ञ मानतात. हे घर त्यात बसत नव्हतं.

मग मी विचारलं, "बाकीची पानं कुठं आहेत?"

ती कुणी आणलीच नव्हती. मुलीनं मोबाइलवर शोधली. चौथ्या पानावर अल्कलाइन फॉस्फटेज 310, गॅमा जीटी 240, बिलिरुबिन 1.8. पित्ताची वाट तुंबली की चढणारे हे आकडे. तिन्ही वाढलेले, पण लाल वर्तुळापुढे ते कुणाला दिसलेच नाहीत. पोटात दुखलं होतं का? "छे," दादा म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कळलं की तपासणीच्या आदल्या आठवड्यात रात्रीच्या सराफा बाजारात जीरावन मसाला मारके गराडू (तळलेला कंद) खाऊन आल्यावर रात्री दोन वाजता उजव्या बरगडीखाली असं काही धरलं होतं की घामानं बनियन भिजलं. दोष गराडूला दिला गेला. सकाळी ओवा खाल्ला, विषय संपला.

विषय तिथंच सुरू होत होता. सीए 19-9 हे नाव 1979 साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटाकडून आलं. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींविरुद्ध त्यांनी अँटिबॉडी तयार केल्या, त्यांतली एक या खुणेवर चिकटत होती. ही खूण म्हणजे मुळात प्रथिन नव्हेच, म्यूसिन नावाच्या बुळबुळीत प्रथिनांच्या पाठीवर बसलेली साखरेची एक साखळी आहे. स्वादुपिंडाच्या नळ्यांचं अस्तर ती बनवतं, तसंच पित्तनलिकेचं अस्तरही बनवतं, अगदी निरोगी माणसातसुद्धा. एरवी ती पित्तासोबत आतड्यात वाहून जाते. नळी तुंबली की मागे फुगते आणि रक्तात उतरते. पित्तनलिकेत खडा अडकून आत जंतुसंसर्ग झाला तर हा आकडा हजारांतही जाऊ शकतो, कॅन्सरचा एकही कण नसताना. मी विद्यार्थ्यांना सांगतो की कावीळ असताना केलेला सीए 19-9 म्हणजे पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लावून पाण्याची टाकी गळते का ते ठरवणं.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पित्तनलिका 9 मिलिमीटर. स्वादुपिंडाचं शेपूट गॅसमुळे दिसत नाही, हे वाक्य प्रत्येक सोनोग्राफी रिपोर्टात छापलेलंच असतं. एमआरसीपी, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय, केली. पित्तनलिकेच्या अगदी खालच्या टोकाला 6 मिलिमीटरचा खडा. गराडू निर्दोष सुटला.

पण त्याच फिल्मवर आणखी एक गोष्ट होती. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या मागच्या भागात 13 मिलिमीटरची पाण्याची पिशवी, उपनळीला जोडलेली. मुख्य नळी अडीच मिलिमीटर, म्हणजे ठीक. आत गाठ नाही, भिंत पातळ. रेडिओलॉजिस्टनं लिहिलं: शाखा-नळीतलं आयपीएमएन. नळीच्या आत म्यूसिन पाझरणारी वाढ, जी काही जणांत काही वर्षांनी कॅन्सरकडे जाऊ शकते.

ज्याच्यासाठी घाबरले होते ते निघालं नाही, आणि ज्याची कल्पनाही नव्हती ते निघालं. खोलीत हे सांगताना दोन्हींचा गुंता होऊ नये म्हणून मी कागदावर दोन नळ्या काढल्या, एक पित्ताची, एक स्वादुपिंडाची. 186 कुठून आला असावा? पहिलीतून. पिशवी कुठं आहे? दुसरीत. मुलगी म्हणाली, "पण दोन्ही एकत्रच मिळतात ना खाली?" मिळतात, आणि म्हणूनच आधी खडा काढायचा, मग आकडा पुन्हा पाहायचा असं ठरलं.

ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, खडा काढला, चार दिवसांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. इथं माझी एक चूक नोंदवतो. घरच्यांचा तगादा होता म्हणून मी दोनच आठवड्यांनी सीए 19-9 पुन्हा करायला सांगितलं. आला 64. निम्म्याहून खाली, पण अजून लाल अक्षरात. घरात पुन्हा चूल थंड. अडथळा दूर झाल्यावर आकडा बसायला वेळ द्यावा लागतो, हे मला माहीत होतं आणि तरी मी दबलो. आणखी सहा आठवड्यांनी तो 19 झाला. मधले सहा आठवडे त्या माणसानं कसे काढले ते वहिनींना विचारा.

आता उरली पिशवी. दादांचं म्हणणं सरळ होतं: "आहे ना ती? मग काढून टाका."

स्वादुपिंडाच्या डोक्यातली पिशवी काढायची म्हणजे व्हिपल ऑपरेशन. डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्तनलिकेचा तुकडा असं सगळं काढून तीन ठिकाणी नव्यानं जोडायचं. चांगल्या केंद्रातही शंभरात दोन ते पाच माणसं त्यातून उठत नाहीत, आणि तीसेक जणांना काही ना काही गुंतागुंत होते. एमआरआय काढलेल्या वयस्कर माणसांत अशा पिशव्या इतक्या सापडतात की काही अभ्यासांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं आहे. बहुतेक जण त्या पिशवीसकट दुसऱ्याच कशानं तरी जातात. अशा पिशव्यांसाठीची 2024 ची क्योटो मार्गदर्शक तत्त्वं ऑपरेशनकडे ढकलतात ती कावीळ, आतली 5 मिलिमीटर किंवा मोठी, स्कॅनच्या वेळी टोचलेला रंग घेणारी गाठ, मुख्य नळी 10 मिलिमीटर, अशा खुणांवर. पिशवी 3 सेंटिमीटर, वर्षात अडीच मिलिमीटर किंवा जास्त वाढ, नव्यानं लागलेली साखर म्हणजे मधुमेह, वाढलेलं सीए 19-9, या चिंतेच्या खुणा. चौथीसाठीच तर 64 वर न थांबता 19 पर्यंत वाट पाहायची होती.

मुलीचा पुढचा प्रश्न चांगला होता. सुई घालून त्या पाण्यातलंच काही तपासता येणार नाही का? येतं. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडनं पोटाच्या आतून सुई घालून पाणी काढतात. त्यात सीईए नावाचं प्रथिन मोजतात. 2004 पासून 192 ही रेघ मानली जाते: वर असेल तर पिशवी म्यूसिनवाली. पाण्यातली साखर 50 च्या खाली असेल तरी तेच, आणि ती तर ग्लुकोमीटरवरही दिसते. पण इथं गंमत अशी की म्यूसिनवाली आहे हे आम्हाला नळीशी असलेल्या जोडावरून माहीतच होतं. ती बिघडणार आहे का हा आमचा प्रश्न, आणि त्याला सीईए उत्तर देत नाही. सीईए जास्त म्हणजे धोका जास्त, असं नसतं. शिवाय 13 मिलिमीटरच्या गोळ्यात पाणी किती मावतं? एक मिलीलीटरच्या थोडंसं वर. दादांनी तिथंच मोबाइलवर गुणाकार करून खात्री केली.

बिघडणारी पिशवी ओळखेल असं प्रथिन शोधण्याचं काम चालू आहे. अमेरिकेत किरण दास यांनी मोठ्या आतड्याच्या पेशींवरून तयार केलेली दास-1 नावाची अँटिबॉडी धोक्याच्या पिशव्यांच्या पाण्याला चिकटते आणि साध्या पिशव्यांना फारशी चिकटत नाही, असं 2019 च्या एका बहुकेंद्री अभ्यासात दिसलं, आणि आकडे छान होते. पण ही तपासणी इंदूरच्या कुठल्या काउंटरवर पैसे भरून होत नाही. आणि झाली असती तरी दादांच्या पिशवीत सुई घालायचं कारण माझ्याकडे नव्हतं.

दोन दिवसांनी मुलीनं व्हॉट्सॲपवर एक बातमी पाठवली. कॅन्सर व्हायच्या आधीच्या पेशींतून सापडलेलं प्रथिन, साध्या रक्ताच्या थेंबात. "ही बाबांची करता येईल का? मुंबईला पाठवू का सॅम्पल?"

ही कथा मला आवडते म्हणून जरा थांबतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले केनेथ झारेट यांच्या प्रयोगशाळेनं स्वादुपिंडाच्या कॅन्सरची एक मानवी पेशी घेतली आणि तिला उलटं चालवलं, मूळपेशीसारखी केली. मग तिला पुन्हा वाढू दिलं. ती वाढताना आधी पॅनिन नावाच्या पूर्वावस्थेसारखी झाली, नंतर कॅन्सरकडे गेली. म्हणजे जी पायरी माणसात कधीच पाहायला मिळत नाही ती प्रयोगशाळेत मुद्दाम थांबवून पाहता आली. त्या पायरीवरच्या पेशी बाहेर काय टाकतात ते गोळा केलं. त्यातून थ्रॉम्बोस्पॉन्डिन-2 हे प्रथिन निवडलं आणि 2017 मध्ये सीए 19-9 सोबत जोडून रुग्णांच्या रक्तावर तपासलं. आजार असलेल्या शंभरांपैकी 87 पकडले, नसलेल्या शंभरांपैकी 98 जणांना बरोबर सोडलं. (विस्टारची इमारत याच विद्यापीठाच्या आवारात आहे. 1979 आणि 2017 मधलं अंतर पायी दोन-चार मिनिटांचं असावं.)

आता मुलीला मी जे सांगितलं ते. प्रथिन शोधलं पूर्वावस्थेतल्या पेशींतून, हे खरं. पण तपासलं ज्यांच्या रक्तावर त्यांना कॅन्सर झालेला होता, लवकरच्या टप्प्यातला असला तरी. पूर्वावस्था असलेल्या माणसाच्या रक्तात ते वाढलेलं सापडतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि फार अवघड आहे. पॅनिन 5 मिलिमीटरहून बारीक नळ्यांत असतं, कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि वयस्कर माणसांत त्याचा सौम्य प्रकार सर्रास असतो. त्याच्या पेशी जे काही बनवतात ते नळीच्या पोकळीत टाकतात, तिथून आतड्यात. नळीच्या अस्तराखालचा पडदा शाबूत आहे तोवर रक्ताकडे वाट नाही. खणायचं असेल तर स्वादुपिंडाच्या रसात खणा, असं म्हणून काही जण लहान आतड्यात आलेला तो रस गोळा करून त्यातले जनुकांचे बिघाड शोधतात. रक्तातल्या खुणा बहुधा पडदा फुटू लागल्यावरच्या. सीए 19-9 बद्दल 2021 मध्ये जुन्या साठवलेल्या रक्तांवरून दिसलं की निदानाच्या साधारण दोन वर्षं आधी तो चढू लागतो. दोन वर्षं काही कमी नाहीत. पण 2010 च्या जनुकीय हिशेबानुसार पहिल्या बिघाडापासून कॅन्सरची पहिली पेशी व्हायलाच दहाएक वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत रक्त बहुतेक गप्प असतं.

आणि गणित. दादा लेखा विभागातले, म्हणून त्यांना बोलावूनच मांडलं. समजा साठीच्या पुढचे एक लाख लोक घेतले आणि त्यांत या वर्षी 20 जणांना हा कॅन्सर आहे. त्या 87-98 च्या तपासणीनं 20 पैकी 17 पकडले. उरलेल्या 99,980 पैकी दोन टक्के, म्हणजे जवळजवळ दोन हजार निरोगी माणसं, लाल अक्षरात. "दोन हजार घरी दादांसारखी दिवाळी," भाऊ म्हणाले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं 2019 मध्ये लक्षणं नसलेल्यांत या कॅन्सरची सरसकट तपासणी करू नये असंच पुन्हा सांगितलं, त्याचं मूळ या वजाबाकीत आहे. सवलतीच्या पॅकेजमध्ये ही तपासणी कशाला घालतात ते मला आजवर समजलेलं नाही. म्हणजे समजलेलं आहे.

भाऊ हसत होते, कारण त्यांचा आकडा हिरवा होता. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. वय 58. पाच महिन्यांपूर्वी साखर निघाली होती, घरात दुसऱ्या कुणाला नाही, पोटही सुटलेलं नाही. वजन सहा महिन्यांत पाच किलो कमी. सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं, कारण ते फिरायला जायला लागले होते.

पन्नाशीनंतर नव्यानं साखर लागलेल्यांपैकी शंभरात साधारण एकाला तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो. शंभरात एक म्हणजे फार नाही. पण सोबत वजन उतरत असेल तर ते प्रमाण चढतं, आणि 'वडील: कारण अज्ञात' ही ओळ दोघा भावांची सामायिक होती. "पण माझं तर दोनच्या आत आहे," भाऊ म्हणाले.

तोच प्रश्न होता. निरोगी माणसाचं सीए 19-9 पाच, दहा, पंधरा असं काहीतरी असतं. यंत्राला सापडतच नाही इतकं कमी असेल तर एक शक्यता अशी की हा माणूस ती साखरेची साखळी, म्हणजे सीए 19-9, बनवतच नाही. ती बनवायला लुईस रक्तगटाचं एन्झाइम लागतं. शंभरात पाच ते दहा जणांत, काही समाजांत त्याहून जास्त जणांत, ते नसतं. अशा माणसाला कॅन्सर झाला तरी हा आकडा बहुधा तळातच राहतो. रक्तपेढीत लुईस गट तपासून घेतला. लुईसच्या ए आणि बी दोन्ही खुणा नकारार्थी. एकाच आईच्या पोटची दोन मुलं, एकाचा आकडा खड्यानं वाजत होता, दुसऱ्याचा कशानंच वाजणार नव्हता. जॉन्स हॉपकिन्सच्या एका गटानं 2020 मध्ये अशी कल्पना मांडली की प्रत्येकाची जनुकं पाहून त्याची स्वतःची मर्यादा ठरवावी, सगळ्यांना 37 ची एकच मोजपट्टी लावू नये. मला ती पटते. तोवर माझ्याकडे रक्तपेढी आहे.

भाऊंचा स्वादुपिंडासाठीचा खास सीटी केला. स्वच्छ. नळी बारीक, गाठ नाही. साखरेचं औषध नीट बसवलं, जेवणात त्यांनी परस्पर बंद केलेलं तूप आणि वरण परत सुरू केलं, आणि तीन महिन्यांनी वजन दीड किलो वर आलं. सहा महिन्यांनी मी त्यांना पुन्हा पाहिलं, तेव्हाही स्थिर. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं आहे: लुईस निगेटिव्ह, सीए 19-9 वर विसंबू नये. हा कागद मोबाइलमध्येही ठेवा असं सांगितलं, कारण पुढच्या वर्षी सवलत पुन्हा निघणार.

दादांचा एमआरआय सहा महिन्यांनी झाला. पिशवी 13 मिलिमीटर, नळी अडीच, बाकी काही नाही. 2 सेंटिमीटरहून लहान पिशवीला यानंतर दर अठरा महिन्यांनी पाहायचं. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी साखर आणि वजन, आणि जेवणानंतर पाठीत दुखायला लागलं तर वाट न पाहता यायचं.

"हे कुठवर?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशन झेपेल अशी तब्येत आहे तोवर, मी म्हटलं. झेपणार नसेल तर शोधून उपयोग नाही. ऐंशीपर्यंत धरू.

त्यांनी फाइलच्या मागच्या बाजूला पेन काढलं. सोळा वर्षं, गुणिले बारा, भागिले अठरा. "दहा स्कॅन, आणि वर बारा महिने उरतात," ते म्हणाले, आणि मग एका स्कॅनचा आजचा भाव विचारून त्याच्या पुढे दहा लिहिले.